आधी रक्त, मग गोष्ट

चार माणसं जमली, चहा झाला, की कुणीतरी हमखास म्हणतं, "अविनाश, इतकी वर्षं रक्ताच्या लॅबमध्ये काढलीस, एखादा किस्सा सांग की!" एखादा! किस्से असे एकेकटे राहत नाहीत हो. एक सांगायला घ्यावा, तर दुसरा चपला घालून दारात उभाच असतो. आणि आमचे किस्से असे, की ऐकणारा आधी हसतो आणि घरी जाताना गप्प असतो.

सांगून टाकतो, भुताखेतांवर माझा विश्वास नाही. पण रक्तावर तरी कुठे उरलाय?

काळ नव्वद सालानंतरचा. बडोद्यात घरोघरी केबल आली होती, डॉक्टरांच्या कमरेला पेजर लटकायला लागले होते आणि हॉस्पिटलांत परदेशी मशिनी उतरत होत्या. आमच्या हॉस्पिटलात, नाव कशाला घ्या, दुर्मीळ रक्तविकारांसाठी एक टीम झाली. हे आजार एकट्या डॉक्टरच्या आवाक्यातले नसतात. दुखणं रक्ताचं, पण ते पोटात शिरतं, डोक्यात शिरतं, बोटांच्या टोकांवर जाऊन बसतं. म्हणून दर बुधवारी दुपारी दोनला सगळ्यांनी एकत्र बसायचं.

टीमच्या प्रमुख प्रधान मॅडम, रक्तविकारतज्ज्ञ. आमच्यासारख्याच बडोद्याच्या मराठी, आजोबा संस्थानात नोकरीला होते. दुसरे देसाईसाहेब, पॅथॉलॉजिस्ट, कशावरही विश्वास न ठेवण्यासाठी प्रसिद्ध. तिसऱ्या ज्योत्स्नाबेन, ब्लड बँक सांभाळायच्या आणि रोज सकाळी रक्ताच्या फ्रीजला उदबत्ती ओवाळायच्या; बोलायच्या गुजरातीच, त्याचं मराठी मी करून सांगतोय. आणि चौथा मी, लॅब टेक्निशियन. स्लाईडी करणं, लावणं आणि शिव्या खाणं हे माझं काम.

आमचे पेशंट रोगाने जायचे, त्याहून जास्त रोगाचं नाव न सापडल्याने जायचे. नाव वेळेत सापडलं तर माणूस वाचायचा. सगळी धडपड तेवढ्यासाठी.

* * *

सुरुवातीला पद्धत अशी, की मॅडम आधी केस वाचून दाखवणार आणि मग सगळे मिळून स्लाईड बघणार. एका वेळी पाच जणांना डोळा लावता येईल असा मायक्रोस्कोप नुकताच आला होता आणि आम्ही सगळे त्याच्यावर खूष होतो.

एका बुधवारी एका निवृत्त मास्तरांची केस होती. वय सत्तर, कडक शाकाहारी, पायांना मुंग्या, चालताना तोल जातो. सगळ्यांच्या मनात एकच, बी-ट्वेल्व्ह कमी!

"या बघा, पेशी केवढ्या मोठ्या झाल्यात," देसाईसाहेब म्हणाले.

"आणि केंद्रकाचे तुकडे बघा," मॅडम म्हणाल्या.

"हां हां, देखाय छे," ज्योत्स्नाबेन म्हणाल्या. मीही मान डोलावली. खोटं कशाला बोलू, मलाही दिसल्या.

संध्याकाळी आवराआवर करायला घेतली. मास्तरांची स्लाईड टेबलावर तशीच होती! मायक्रोस्कोपखाली मी चुकून शिकाऊ मुलांच्या सरावाची स्लाईड लावली होती. ते रक्त आमच्या वॉचमनचं, आणि त्या गड्याला आयुष्यात साधी सर्दी झालेली नव्हती.

मी घाबरत घाबरत मॅडमना सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. ती स्लाईड परत लावली, पाच मिनिटं बघितली आणि हळूच म्हणाल्या, "अविनाश, आता एकही दिसत नाही रे. मग दुपारी काय बघत होतो आपण?"

पुढच्या बुधवारपासून नियम झाला. स्लाईडवर फक्त नंबर. नाव, वय, लक्षणं, काही म्हणजे काही सांगायचं नाही. प्रत्येकाने मुकाट्याने बघायचं, चिठ्ठीवर लिहायचं आणि चिठ्ठी स्टीलच्या ट्रेमध्ये टाकायची. मॅडम चिठ्ठ्या उघडणार आणि त्यानंतर मी पेशंटचं नाव सांगणार. आधी रक्त, मग गोष्ट!

मास्तरांना खरोखरच बी-ट्वेल्व्ह कमी होतं, इंजेक्शनं घेऊन ते ठणठणीत झाले. पण त्या दुपारी चार शहाण्या माणसांनी जे पाहिलं ते कुठे होतं, हे मला अजून कळलेलं नाही.

* * *

आप्पासाहेब कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. बायको वारली होती, घरात एकटेच. जानेवारीत सकाळी खंडेराव मार्केटला भाजीला गेले की त्यांची बोटं निळी पडायची. मेथीची जुडी हातातून गळून पडायची, म्हणून ते आमच्याकडे आले.

त्यांचं रक्त मी नव्या मशिनीत घातलं. मशिनीने असे आकडे छापले, की तसा माणूस जिवंत असणं शक्य नाही! नवीन मशीन, एसी खोली, कंपनीचा इंजिनियर मुंबईहून येणार म्हणून सगळ्यांची धावपळ. ट्यूब उचलून बघतो तर आत रक्ताचे रवाळ गोळे.

"अविनाशभाई, नीट हलवली नाहीत तुम्ही," असं म्हणत ज्योत्स्नाबेननी ट्यूब माझ्या हातून घेतली आणि तशीच मुठीत धरून मला दहा मिनिटं झापलं. झापून झाल्यावर मूठ उघडली. रक्त एकदम पातळ, लालचुटूक, वाहतं! त्यांनी ट्यूब टेबलावर ठेवली. आमच्या डोळ्यांसमोर त्यात परत गोळे धरायला लागले.

ज्योत्स्नाबेन दोन पावलं मागे सरकल्या. "आने तो हाथ जोइये छे," त्या म्हणाल्या. याला हात हवाय!

बुधवारी चिठ्ठ्यांवर नाव निघालं. थंडी लागली की स्वतःच्याच पेशी एकमेकींना चिकटतात असा एक आजार असतो. मॅडमनी आप्पांना हातमोजे, पायमोजे, कानटोपी, सगळं घालायला लावलं. रक्त चढवायची वेळ आली तेव्हा तेही कोमट करून चढवलं. आप्पा सुधारले.

आणि मे महिन्यात परत आले. बाहेर रस्त्याचं डांबर वितळत होतं आणि आप्पांची दहाच्या दहा बोटं निळी!

"कुठे बसला होतात?" मॅडमनी विचारलं.

"घरातच. झोपाळ्यावर."

"पंखा चालू असेल," देसाईसाहेब म्हणाले.

"लाईट गेली होती साहेब," आप्पा म्हणाले. मग जरा ओशाळून त्यांनी मॅडमकडे पाहिलं. "नेहमी मी डावीकडे बसतो. आज हिच्या जागेवर बसलो होतो."

मॅडमनी केसपेपरवर लिहिलं, झोपाळ्याच्या उजव्या बाजूला बसू नये.

* * *

तरसालीची एक नवी सून होती. चार महिन्यांपूर्वी लग्न झालेलं. पोटात अशा कळा यायच्या, की ती भिंतीला डोकं आपटायची आणि मग त्याच भिंतीशी बोलायची. एका ठिकाणी पोट फाडून झालं होतं, आत काही सापडलं नव्हतं. सासरची मंडळी तिला एका भुव्याकडेही नेऊन आली होती. आपल्याकडे मांत्रिक म्हणतात तसा तिकडे भुवा.

भिंतीशी बोलते म्हणून मॅडमनी मानसोपचारवाल्या डॉ. कुरेशींना बोलावलं. ते तिच्याशी तासभर बोलले आणि बाहेर येऊन म्हणाले, "मॅडम, ये पागल नहीं है. इसको कोई अंदर से जला रहा है."

त्या सकाळी तिची लघवी तपासायला आली होती. मी बाटली खिडकीत ठेवली, कामाच्या रगाड्यात विसरलो. दुपारी जेवून आलो तर बाटलीसमोर तिचा सासरा हात जोडून उभा! सकाळी पिवळी असलेली लघवी उन्हात काळपट लाल झाली होती, दारूच्या रंगाची. तो माणूस तिथे उभा राहून ती हळूहळू बदलताना बघत होता.

"भुवा म्हणालाच होता," तो म्हणाला. "हिचं पाणी उन्हात ठेवा, लाल होईल. झालं!"

मॅडमना नाव सापडलं, पोर्फिरिया. रक्ताचा लाल रंग बनवण्याच्या कामातच कुठेतरी गफलत होते, आणि अर्धवट बनलेलं द्रव्य पोटाला, डोक्याला छळतं. ग्लुकोजच्या बाटल्या चढवल्या, चुकीची औषधं बंद केली. पाचव्या दिवशी पोरगी भिंतीला सोडून नवऱ्याशी बोलायला लागली.

मॅडमच्या डोक्यातून मात्र तो भुवा जाईना. एका रविवारी कुरेशींच्या गाडीतून आम्ही तिघे त्याच्या गावाला गेलो. बाजेवर बसलेला म्हातारा, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. मॅडमनी विचारलं, "तुम्ही यावर काय देता?"

"गुळाचं पाणी," तो म्हणाला. "तीन दिवस, फक्त गुळाचं पाणी. तिच्या सासूने एका दिवसातच उठवून नेली."

मॅडम माझ्याकडे बघायला लागल्या. गूळ काय आणि ग्लुकोज काय! म्हाताऱ्याने मान वाकडी करून विचारलं, "बेन, तमे आवा केटला जोया?" असे किती बघितलेत तुम्ही?

मॅडम म्हणाल्या, "एक."

म्हातारा हसला. "मी सात," तो म्हणाला. "पहिली माझी आई."

* * *

एक बाळंतीण सकाळी दहाला आली. बाळ झालं, पण रक्त थांबेना. ग्रुप ओ, म्हणजे अगदी नेहमीचा. ज्योत्स्नाबेननी ओच्या पिशव्या काढून जुळवायला घेतल्या. पहिली जुळेना, दुसरी जुळेना. फ्रीजमधली शेवटची ओ पिशवी झाली तरी जुळेना! कुणाचंच रक्त बाईला चालत नव्हतं.

मॅडम धावत आल्या, एक टेस्ट केली आणि म्हणाल्या, "बॉम्बे ग्रुप." मुंबईत पहिल्यांदा सापडला म्हणून हे नाव. दिसायला ओसारखा, पण त्याला त्याच ग्रुपचं रक्त लागतं, आणि असा माणूस हजारोंत एखादा. आमच्या रजिस्टरमध्ये सगळ्या बडोद्यातून असं एकच नाव होतं. साळुंखे, मूळचे साताऱ्याकडचे, रिफायनरीत नोकरीला.

टेलिफोनची लाईन आदल्या दिवसापासून बंद होती, बाहेर केबलसाठी रस्ता खणला होता. मी स्कूटरची किल्ली घेऊन जिन्यावरून पळत खाली आलो. खाली बाकावर साळुंखे बसलेले! शर्टाची बाही आधीच वर केलेली.

"तुम्ही इथे कसे?"

"कसे म्हणजे? सकाळी सातला शेजाऱ्यांकडे फोन आला. तुमच्याच बाई होत्या. म्हणाल्या, भाऊ, आज जरा या."

सातला! सातला ती बाळंतीण तिच्या घरी भाकऱ्या थापत होती. मॅडमनी फोन केला नव्हता. ज्योत्स्नाबेनना मराठीचं एक वाक्य धड येत नव्हतं, आणि आमची लाईन मेलेली. पण विचार करत बसायला वेळ कुणाला होता? रक्त काढलं, चढवलं, बाई वाचली.

बुधवारी बैठकीत मी हे सगळं सांगितलं. देसाईसाहेबांनी चष्मा पुसला.

"रॉंग नंबर असेल!" ते म्हणाले.

* * *

कॉलेजात शिकवणारी एक तिशीची बाई रक्तदानाला आली, पहिल्यांदाच. घर मांडवीत. ज्योत्स्नाबेननी ग्रुप बघितला आणि काचेची पट्टी माझ्या तोंडासमोर धरली. "अविनाशभाई, घाण ट्यूब दिलीत!" काही पेशी ए म्हणत होत्या, बाकीच्या ओ.

नवी ट्यूब, नवी सुई, परत तेच. दुसऱ्या दिवशी बोलावलं, परत तेच. तीन हिस्से ओ, एक हिस्सा ए. एका माणसात दोन माणसांचं रक्त! त्या बुधवारी तिची पट्टी नंबर घालून ठेवली. देसाईसाहेबांची चिठ्ठी निघाली, "टेक्निशियन बदला." मॅडमच्या चिठ्ठीवर एकच शब्द होता, "जुळं?"

बाईला विचारलं. "छे, मी एकटीच," ती म्हणाली. "ना भाऊ, ना बहीण."

मॅडमनी तिच्या आईला बोलावलं. म्हातारी दारातच उभी राहिली. मॅडमनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि साध्या शब्दांत समजावलं, की पोटात जुळी असली तर कधी कधी एकाच्या पेशी दुसऱ्यात जाऊन राहतात. कायमच्या राहतात, तिथेच नव्या बनत राहतात.

म्हातारीने पदर तोंडाला लावला. "दोन होती," ती म्हणाली. "मुलगा आधी आला. रडलाच नाही. हिला मी कधी सांगितलं नाही."

मुलगी उठली. आईचा हात धरून गेली. मला वाटलं, आता काही ही बाई परत यायची नाही. मला फार वाईट वाटलं. कुणाच्या घरातलं काय उकरून काढलं आपण!

तीन-चार महिन्यांनी ती आली, आपणहून, तपासणीसाठी. बाही वर केली तर मनगटावर राखी. राखीपौर्णिमा आदल्याच दिवशी झाली होती.

ज्योत्स्नाबेन सुई लावता लावता म्हणाल्या, "अरे वा, राखडी! कोणी बांधली?"

"मीच," ती म्हणाली. "उजव्या हाताने डाव्याला."

देसाईसाहेब तिथेच उभे होते. त्यांनी तिच्यासाठी चहा मागवला.

* * *

आता हा शेवटचा. हा मी सहसा सांगत नाही.

रक्त गोठायला किती सेकंद लागतात हे मोजायचं एक काम माझ्याकडे असे. पेशंटचं रक्त लावायचं आणि शेजारी एका धडधाकट माणसाचं. त्या धडधाकट माणसाला आम्ही कंट्रोल म्हणतो. त्याच्याशी ताडून पेशंट किती बिघडलाय ते ठरवायचं. तेव्हा पद्धत अशी, की स्टाफपैकीच कुणाचं तरी रक्त कंट्रोल म्हणून घ्यायचं. आमच्याकडे मॅडमच. रोज सकाळी नऊला येऊन बाही वर करायच्या आणि म्हणायच्या, "घे, तुझं माप." त्यांचं रक्त बारा सेकंदांत गोठायचं. वर्षानुवर्षं, बारा म्हणजे बारा.

एका आठवड्यात गंमतच झाली. सगळे पेशंट बरे व्हायला लागले! लिव्हरवाले, विषबाधावाले, ज्यांचे आकडे कधी हलत नव्हते ते सगळे कंट्रोलच्या जवळ जवळ यायला लागले. वॉर्डातून अभिनंदनाचे निरोप आले.

"बडोद्याचं पाणी सुधारलं!" देसाईसाहेब म्हणाले.

मी आकडे नीट बघितले. पेशंट होते तिथेच होते. कंट्रोल हलला होता. शुक्रवारी तेरा, शनिवारी चौदा, सोमवारी पंधरा. मी मॅडमना सांगितलं. "औषधाची बाटली खराब झाली असेल, नवीन फोड," त्या म्हणाल्या. नवीन फोडली. गरम पाण्याच्या भांड्याचा थर्मामीटर बदलला. स्टॉपवॉच बदललं. मंगळवारी सोळा. सगळं तपासलं मी, मॅडम सोडून. आमचं मापच ते! मापाला कुणी तपासतं का?

बुधवारी सकाळी सुई काढली तरी टोचल्या जागेतून रक्त येत राहिलं. कापूस भिजला, दुसरा घेतला, तोही भिजला. आदल्या दिवशी टोचलं होतं तिथे रुपयाएवढा जांभळा डाग.

"तुझा हात बिघडलाय, अविनाश," मॅडम हसत म्हणाल्या. मी माफी मागितली.

त्या दिवशी अठरा सेकंद आले. मग काय वाटलं कुणास ठाऊक, स्वतःच्या दंडाला पट्टा बांधला, स्वतःचं रक्त काढलं आणि त्याच बाटलीतलं औषध, त्याच पाण्यात, त्याच घड्याळावर लावलं. बारा!

मॅडमच्या ट्यूबमध्ये थोडं रक्त उरलं होतं. त्याची स्लाईड केली, रंगवली, डोळा लावला. मी डॉक्टर नाही, पण मॅडमनीच मला शिकवलं होतं. मोठमोठ्या पेशी, आणि त्यांच्या पोटात बारीक काड्यांच्या मोळ्या बांधून ठेवल्यासारख्या. रक्ताच्या कर्करोगाचा एक दुर्मीळ प्रकार आहे, त्यात हे दिसतं. त्याच दिवशी ओळखला, त्याच दिवशी उपचार सुरू केले, तर माणूस वाचतो. नाहीतर एखाद्या दिवशी, अगदी चालता-बोलता, डोक्यात रक्तस्राव होतो आणि संपतं. आणि मॅडम सकाळपासून वॉर्डात जिने चढत-उतरत होत्या.

घड्याळात पावणेदोन. एकदा मी वॉचमनचं रक्त मास्तरांचं म्हणून लावलं होतं. आज पण तसंच काहीतरी असू दे, मी चुकलेलो असू दे, असं मी देवाला म्हणत होतो. तसाच मॅडमच्या खोलीत गेलो. त्या डबा खात होत्या.

"काय रे?"

सांगायलाच गेलो होतो. आयुष्यभर दुसऱ्यांची नावं सांगितली, ते एक नाव काही निघेना. "आज एक स्लाईड जास्तीची आहे," मी म्हणालो. "अर्जंट आहे."

"मग सगळ्यात आधी तीच लाव. चल, आलेच." आणि डबा अर्धा टाकून त्या उठल्या.

दोनला सगळे बसले. मॅडम, देसाईसाहेब, ज्योत्स्नाबेन आणि त्या सुनेच्या केसपासून दर बुधवारी येणारे कुरेशी. मी स्लाईड लावली. मॅडम फोकस करत होत्या, त्यांच्या दंडावर मीच लावलेली पट्टी होती, तिच्या मध्यभागी लाल ठिपका. बराच वेळ त्यांनी डोळा काढला नाही.

"ओळखीचं वाटतंय हे रक्त," त्या म्हणाल्या.

"आपल्याला सगळंच रक्त ओळखीचं," देसाईसाहेब म्हणाले, पण त्यांचाही आवाज उतरला होता. स्लाईडवर काय आहे ते त्यांना दिसलं होतं. कुरेशी मानसोपचारवाले, त्यांनी नेहमीसारखी कोरी चिठ्ठी टाकली. बाकी तिघांनी लिहिलं.

मॅडमनी चिठ्ठ्या उघडल्या. तिन्हींवर एकच नाव. एरवी त्यानंतर मी गोष्ट सांगायची, पण मॅडमनी मला बोलूच दिलं नाही. अशा वेळी त्या भराभर बोलायच्या.

"यात तास मोजायचे असतात. ज्योत्स्नाबेन, प्लेटलेट्स आणि प्लाझ्मा काढा, असतील तेवढे. देसाईसाहेब, मुंबईला फोन करा, यावरच्या औषधाच्या कॅप्सूल संध्याकाळच्या विमानाने आल्या पाहिजेत. अविनाश, पेशंट कुठे आहे?"

"इथेच आहे."

"इथे म्हणजे? चालत आला?"

"हो."

"अरे, मग चालू देऊ नका त्याला! बसला असेल तिथेच बसू दे. एक जिना उतरायचा नाही, एक पाऊल टाकायचं नाही. स्ट्रेचर मागवा आणि झोपवूनच वर आणा. डोक्यात रक्तस्राव झाला तर काही हातात राहणार नाही."

कुरेशींनी दाराबाहेर जाऊन स्ट्रेचरसाठी हाक मारली. ज्योत्स्नाबेन उठल्या, देसाईसाहेबांनी फोन ओढून घेतला. मी होतो तिथेच उभा होतो. मॅडमही टेबलावर हात टेकून उठायला लागल्या आणि अर्ध्यावर थांबून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"पेशंटला कुणी सांगितलंय का?"

मी म्हणालो, "आत्ता तुम्हीच सांगितलंत, मॅडम."

देसाईसाहेबांच्या हातातला फोन तसाच राहिला. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, मग दंडावरच्या पट्टीकडे पाहिलं. मग त्या होत्या तिथेच, अगदी सावकाश, परत खाली बसल्या. दोन्ही हात मांडीवर घेतले.

"मग स्ट्रेचर अजून आलं कसं नाही?" त्या म्हणाल्या.